काट्यामागचे दोन वेग

रस्त्यावरच्या गाडीच्या वेगाबद्दल कधी वाद होत नाही, कारण तिची चाके ज्या जमिनीवर फिरतात ती जागची हलत नाही. बोटीचे तसे नाही. ती ज्या पाण्यावर चालते ते पाणीच बहुतेक वेळा कुठेतरी निघालेले असते. उधाणाच्या दिवसांत कोकणातल्या एखाद्या खाडीच्या तोंडातून ओहोटीचे पाणी २ नॉटने बाहेर पडते आहे आणि इंजिन बोटीला पाण्यातून १२ नॉटने रेटते आहे, असे समजू. नॉट म्हणजे तासाला १ सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. समुद्राकडे जाताना ही बोट किनाऱ्यावरची झाडे मागे टाकते ती १४ नॉटने, आणि परत फिरली की १० नॉटने. इंजिनाचे फेरे तेच, डिझेलचा खप तोच, पाणी कापले जाते तेही १२ नॉटनेच. मग सुकाणूसमोरच्या काट्याने १४ दाखवावे, १० दाखवावे की १२? जीपीएस रिसीव्हर स्वस्त झाल्यापासून जुना वेगदर्शक काढून टाकला, किंवा त्याच तबकडीला जीपीएसची तार जोडली, की हा प्रश्न सुटला असे मानण्याकडे कल आहे. माझे म्हणणे असे की जीपीएस जरूर जोडावा. छोट्या बोटीला परवडेल अशा साधनांत त्याच्याइतका नेमका वेग दुसरे कोणी देत नाही. पण तो जोडल्याने काटा फक्त अधिक अचूक होतो असे नाही. तो एका प्रश्नाचे उत्तर सोडून दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देऊ लागतो. म्हणून पाण्यातला वेग मोजणारे साधन काढू नये, आणि कोणता काटा कोणत्या प्रश्नाचा आहे हे बोट चालवणाऱ्याला पक्के ठाऊक असावे.

समुद्रावर वेग मोजण्याचा जवळजवळ सगळा इतिहास पाण्यातल्या वेगाचाच आहे. १५७४ साली विल्यम बोर्न या इंग्रज लेखकाने खलाशांची एक पद्धत लिहून ठेवली. लाकडाची फळी दोरीला बांधून जहाजामागे सोडायची, फळी पाण्यात जागच्या जागी राहते असे धरायचे, आणि ठरावीक वेळात किती दोरी सुटली ते पाहायचे. पुढे दोरीवरच्या गाठींमधले अंतर ४७ फूट ३ इंच आणि वाळूचे घड्याळ २८ सेकंदांचे, असे एक प्रमाण रूढ झाले; त्या मापाने २८ सेकंदांत जितक्या गाठी हातातून सरकतील तितके नॉट. पण फळी स्थिर असे ती पाण्यात, जमिनीच्या हिशेबाने नव्हे. प्रवाह फळीलाही वाहून नेई आणि जहाजालाही, त्यामुळे दोरीला प्रवाहाचा पत्ताच लागत नसे. जुन्या नाविकांना हे पुरते माहीत होते. ते प्रवाहाचा अंदाज वेगळा बांधत आणि नकाशावर रेघ ओढताना तो वेगळा मिळवत. आज आपण जे विसरतो आहोत ते त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होते.

वेगवान मोटरबोटींच्या डॅशबोर्डवर ज्या काट्याने अनेक दशके काम केले तो खरे तर वेग मोजतच नाही, दाब मोजतो. त्याचे मूळ आन्री पितो या फ्रेंच अभियंत्याकडे जाते. १७३२ मध्ये त्याने पॅरिसजवळ सीन नदीच्या पात्रात वाकवलेली काचेची नळी प्रवाहासमोर धरली आणि नळीत पाणी किती चढते त्यावरून प्रवाहाचा वेग काढला. आउटबोर्ड इंजिनाच्या पाण्यात बुडणाऱ्या भागाच्या पुढच्या कडेला एक बारीक भोक असते. समोरून येणारे पाणी त्यात दाबले जाते आणि तो दाब एका बारीक नळीतून तबकडीमागच्या दाबमापकापर्यंत पोहोचतो. अडचण अशी की दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४० नॉटला समुद्राच्या पाण्यात हा दाब सुमारे २१७ किलोपास्कल भरतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दुपटीहून थोडा अधिक. २० नॉटला तो चौथ्या हिश्श्यावर, ५४ वर येतो. आणि ५ नॉटला उरतो जेमतेम साडेतीन किलोपास्कल, ४० नॉटच्या दाबाचा चौसष्टावा भाग. जो मापक २१७ सोसण्याइतका दणकट असायला हवा त्याने साडेतीनची कुजबुज ओळखावी ही अपेक्षाच चुकीची. म्हणून अशा तबकडीवर खालचे आकडे एकमेकांना चिकटलेले दिसतात, आणि जेट्टीजवळ, खाडीत, गर्दीच्या बंदरात, म्हणजे जिथे कमी वेग नीट कळायला हवा, तिथे काटा शून्याच्या खुंटीला टेकून राहतो. त्यात भोकात चिखल किंवा शेवाळ अडकले की उरलासुरला दाबही जातो.

पितोच्या नळीहून बरे साधन म्हणजे तळातून डोकावणारे छोटे पाणचक्र. त्याच्या पात्यांत चुंबक असतात, चक्र फिरले की आतला सेन्सर विजेचे ठोके देतो, आणि ठोके किती वेगाने पडतात त्यावरून वेग ठरतो. बऱ्याच सेन्सरांमध्ये हे प्रमाण एका सागरी मैलाला २०,००० ठोके, म्हणजे दर नॉटमागे सेकंदाला साधारण साडेपाच ठोके इतके असते. इथे वर्गाचा घोटाळा नाही. ठोके वेगाच्या सरळ प्रमाणात पडतात, त्यामुळे २ नॉटही दिसतात आणि २० नॉटही. पण चक्र पाण्यात राहते, आणि आपल्या उबदार किनारी पाण्यात जे काही बुडून राहते त्यावर जीव वाढतात. चार दिवस बोट नांगरावर राहिली की पात्यांवर बुळबुळीत थर, आणखी काही आठवड्यांनी बार्नकल, मग चक्र जड फिरू लागते किंवा फिरतच नाही. शिवाय बोटीच्या तळाला लागून पाण्याचा एक थर तिच्याबरोबर ओढला जातो. चक्र त्या थरात असेल तर ते खऱ्यापेक्षा कमी वेग सांगते, आणि किती कमी ते प्रत्येक बोटीच्या तळाच्या आकारावर ठरते. म्हणून प्रत्येक बोटीवर चक्राचे कॅलिब्रेशन करावे लागते. ते फारसे कोणी करत नाही.

या पार्श्वभूमीवर जीपीएसचे आकर्षण समजण्यासारखे आहे. त्याला पाण्यात काही बुडवावे लागत नाही, काही घासावे लागत नाही. त्याच्या वेगाबद्दल मात्र एक गैरसमज सर्रास आढळतो. बहुतेकांना वाटते की रिसीव्हर एका क्षणाचे स्थान घेतो, सेकंदाने दुसरे घेतो, आणि मधले अंतर भागून वेग काढतो. तसे असते तर काटा निरुपयोगी ठरला असता, कारण लागोपाठच्या दोन स्थानांत एक मीटरचीही मागेपुढे चूक झाली की वेगात जवळपास २ नॉटची चूक पडते. चांगले रिसीव्हर वेग काढतात तो डॉप्लर परिणामावरून. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारतेवर प्रक्षेपण करतात. या लहरीची लांबी १९ सेंटिमीटर. बोट उपग्रहाच्या दिशेने सेकंदाला १ मीटरने सरकली की मिळणाऱ्या लहरीची वारंवारता सुमारे ५ हर्ट्झने चढते. उपग्रह स्वतः सेकंदाला जवळपास ४ किलोमीटर वेगाने धावतो, त्यामुळे होणारा बदल यापेक्षा हजारपट मोठा असू शकतो, पण उपग्रहाची कक्षा त्याच्याच संदेशातून कळत असल्याने तो भाग नेमका वजा करता येतो. निदान चार उपग्रहांचे असे बदल मिळाले की तीन दिशांमधला वेग आणि रिसीव्हरच्या स्वतःच्या घड्याळाची चूक ही चारही अज्ञाते सुटतात. म्हणूनच ज्या रिसीव्हरच्या स्थानात चार-पाच मीटरची चूक असते तोच रिसीव्हर मोकळ्या आभाळाखाली वेग मात्र एक दशांश नॉटच्या आसपास बरोबर सांगतो. आकडा खरा आहे, यात शंका नाही. शंका आहे ती तो आकडा कशाचा आहे याबद्दल: उपग्रहांना पृथ्वी दिसते, पाणी दिसत नाही.

जहाजाचा वेग आणि उपग्रह यांचे नाते पूर्वी याच्या अगदी उलट होते. १९५७ मध्ये स्पुटनिकच्या आवाजातला डॉप्लर बदल ऐकून अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी त्याची कक्षा काढली, आणि त्यातून १९६४ मध्ये ट्रान्झिट ही नाविकांची पहिली उपग्रहप्रणाली कामाला लागली. ट्रान्झिटमध्ये एक उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत काही मिनिटे त्याच्या लहरी टिपाव्या लागत, आणि त्या मिनिटांत जहाज किती सरकले हे जहाजानेच सांगावे लागे. वेग १ नॉटने चुकीचा दिला तर स्थान काही शे मीटरने चुके. म्हणजे उपग्रहाला जहाजाकडून वेग मागावा लागत होता, आणि जहाजाकडे देण्यासारखा होता तो बहुधा पाण्यातलाच वेग. त्यातली प्रवाहाची चूक सरळ स्थानात उतरत असे. जीपीएसने ही गरज संपवली. तेव्हापासून उपग्रह जहाजाला वेग सांगू लागला, आणि बहुधा म्हणूनच पाण्यातल्या वेगाचे काम संपले अशी समजूत झाली.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. बोटीवरची उपकरणे एकमेकांशी बोलतात ती मुख्यतः दोन प्रमाणांनी, आणि दोन्ही अमेरिकेतल्या नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने ठरवलेली आहेत. जुने एनएमईए ०१८३ हे १९८३ पासूनचे. त्यात एक उपकरण बोलते आणि बाकीची ऐकतात. अक्षरांची वाक्ये सेकंदाला ४८०० बिट वेगाने जातात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरे, आणि एका वाक्याची कमाल लांबी ८२ अक्षरे असल्याने सेकंदाला साधारण पाच-सहा पूर्ण वाक्येच मावतात. जीपीएस रिसीव्हर आरएमसी नावाच्या वाक्यात वेळ, स्थान, जमिनीच्या हिशेबाने वेग आणि दिशा, तारीख, आणि शेवटी वाक्य वाटेत बिघडले का हे तपासण्यासाठी दोन अक्षरांची बेरीज पाठवतो. व्हीटीजी या वाक्यात फक्त दिशा आणि वेग असतो. पाण्यातल्या वेगासाठी मात्र व्हीएचडब्ल्यू हे निराळेच वाक्य राखून ठेवले आहे. २००१ मध्ये आलेले एनएमईए २००० हे मोटारींमधल्या कॅन या जाळ्यावर उभे आहे. एक मुख्य केबल, तिला टी-आकाराच्या जोडांनी लटकवलेली उपकरणे, आणि दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक रोधक. वीज बंद करून दोन संदेशतारांमध्ये मल्टिमीटर लावला तर ६० ओम दिसायला हवेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोधक हरवला आहे. या जाळ्यातही जमिनीच्या हिशेबाच्या वेगाचा संदेश १२९०२६ क्रमांकाचा, तर पाण्यातल्या वेगाचा १२८२५९ क्रमांकाचा. हे प्रमाण लिहिणाऱ्यांनी दोन वेगांना दोन वेगळे मार्ग दिले ते उगाच नाही. मोठ्या जहाजांसाठीचा सोलास हा आंतरराष्ट्रीय करारही हाच भेद पाळतो. ३०० टन आणि त्यावरच्या जहाजांना पाण्यातला वेग आणि अंतर दाखवणारे साधन सक्तीचे आहे, आणि ५०,००० टनांपासून पुढे जमिनीच्या हिशेबाने पुढचा आणि आडवा वेग दाखवणारे साधन त्याच्या जोडीला लागते. जोडीला, त्याच्या जागी नव्हे.

जुन्या तबकडीला जीपीएस जोडायचा म्हणजे काय करायचे, हे ती तबकडी कोणत्या जातीची यावर ठरते. पितोच्या नळीची असेल तर तिच्यात वीज शिरायला जागाच नाही. तिथे तबकडी बदलून स्टेपर मोटरवर चालणारा काटा बसवणे हाच सरळ मार्ग, आणि अशा कित्येक तबकड्यांच्या पोटातच जीपीएस अँटेना बसवलेला मिळतो. तबकडी पाणचक्राच्या ठोक्यांवर चालणारी असेल तर मध्ये एक छोटा परिवर्तक लागतो. तो आरएमसी वाक्य वाचतो, त्यातला वेग उचलतो आणि तबकडीला ओळखीचे ठोके तयार करतो, २० नॉटला सेकंदाला सुमारे १११ या हिशेबाने. वायरिंग करताना रिसीव्हर आणि तबकडी यांच्यातल्या विद्युतपातळ्या जुळतात ना, आणि ऐकणाऱ्या उपकरणाचे इनपुट प्रकाशाच्या मध्यस्थीने विलग केलेले आहे ना, एवढे पाहावे. ते नसले तर इंजिनाच्या इग्निशनचा गोंगाट काट्यात उतरतो. इथपर्यंत काम सोपे आहे, आणि नेमका इथेच धोका सुरू होतो. परिवर्तकाने दिलेले ठोके पाणचक्राच्या ठोक्यांसारखेच दिसतात, त्यामुळे पुढचे प्रत्येक उपकरण ते पाण्यातला वेग समजूनच घेते. शिडाच्या बोटीवरचे वाऱ्याचे यंत्र याच आकड्यावरून खरा वारा काढते. प्रवाह मोजणारी प्रणाली दोन वेगांची वजाबाकी करते. दोन्हीकडे जीपीएसच असेल तर वजाबाकी कायम शून्य, आणि खंबातच्या आखातासारख्या ठिकाणी, जिथे उधाणाचा प्रवाह पाच-सहा नॉटपर्यंत जातो, तिथेही यंत्र सांगेल की पाणी निवांत आहे. म्हणून माझा आग्रह असा की जीपीएसचा वेग पाण्याच्या वाक्यात किंवा पाण्याच्या ठोक्यांत घालायचाच असेल तर तो फक्त त्या एका तबकडीपुरता घालावा, जाळ्यात सोडू नये.

या दोन वेगांची गल्लत किती महाग पडते, याचा पुरावा १० जून १९९५ च्या रात्री अमेरिकेच्या नॅन्टकेट बेटाजवळ मिळाला. बर्म्युडाहून बॉस्टनला निघालेले रॉयल मॅजेस्टी हे प्रवासी जहाज १५०९ माणसांसह वाळूच्या उथळ पट्ट्यावर चढले. ते ठरलेल्या मार्गापासून सुमारे १७ मैल बाजूला गेले होते. जीपीएस अँटेनाची तार बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात सुटली होती. सिग्नल तुटताच रिसीव्हर अंदाजाच्या पद्धतीवर गेला: दिशादर्शकाची दिशा आणि जहाजाच्या वेगमापकाने दिलेला पाण्यातला वेग घेऊन तो स्थान पुढे सरकवत राहिला. जिथे जमिनीच्या हिशेबाचा वेग हवा होता तिथे पाण्यातला वेग बसला. वारा आणि प्रवाह जहाजाला हळूहळू ढकलत होते, आणि ते या हिशेबात कुठेच नव्हते. ३४ तासांत १७ मैल, म्हणजे अवघा अर्धा नॉट. रिसीव्हरच्या पडद्यावर बारीक अक्षरांत अंदाजाची खूण होती. त्याच्या संदेशातही माहिती ग्राह्य नसल्याची खूण जात होती, पण ऑटोपायलट ती वाचण्यासाठी बनवलेलाच नव्हता. त्याच जहाजावर लोरान-सी हा वेगळ्या पद्धतीचा रिसीव्हर चालू होता आणि बरोबर स्थान दाखवत होता. दोन्ही कोणी ताडून पाहिले नाहीत. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. इथे गल्लत आपल्या विषयाच्या उलट दिशेने झाली, पण धडा दोन्ही दिशांना लागू आहे. एका वेगाच्या जागी दुसरा गुपचूप बसला, आणि काट्याने चेहरा जराही बदलला नाही.

म्हणून परिवर्तक निवडताना किंवा बनवताना पहिली कसोटी अचूकतेची नाही, प्रामाणिकपणाची. आरएमसी वाक्यात एक अक्षर असते: माहिती ग्राह्य असेल तर ‘ए’, नसेल तर ‘व्ही’. साधे परिवर्तक हे अक्षर दुर्लक्षून वेगाचा आकडा तेवढा उचलतात, आणि काही तर सिग्नल गेल्यावर शेवटचा वेग तसाच धरून ठेवतात. पुलाखालून जाताना किंवा मोठ्या जहाजाच्या पोलादी भिंतीशेजारी काटा १५ वर गोठून राहणे हे शून्यावर पडण्यापेक्षा कितीतरी वाईट. ‘व्ही’ येताच किंवा दोन सेकंद वाक्यच न येताच काटा खाली पडला पाहिजे. दुसरी कसोटी अँटेनाच्या जागेची. अँटेना जितका उंच तितका चांगला, ही समजूत रेडिओसाठी ठीक; वेगासाठी नाही. डोलण्याच्या अक्षापासून १० मीटर उंच डोलकाठीवर अँटेना असेल आणि बोट ५ सेकंदांच्या लयीत दोन्ही बाजूंना १० अंश डोलत असेल, तर अँटेनाचा आडवा वेग कमाल सव्वाचार नॉटला पोहोचतो. बोट नांगरावर उभी आणि काटा शून्य ते चार नॉटमध्ये झुलतो. रिसीव्हर खोटे बोलत नाही. अँटेना खरोखरच तेवढ्या वेगाने हलतो. तोच अँटेना सुकाणूघराच्या टपावर आणला की ही डोलण्याची भर त्या प्रमाणात आटते.

दोन्ही काटे ठेवण्यावर जे आक्षेप येतात त्यांत वजनदार एकच आहे. मोटरबोट चालवणारा विचारतो की शिडाच्या बोटीला पाण्यातला वेग लागत असेल, मला तो कशाला? मला वेळेत पोहोचायचे आहे, खडकाला धडकायचे नाही, आणि खडक जमिनीला रोवलेले आहेत. पहिला भाग मान्य. किती वाजता पोहोचू, दर मैलाला किती डिझेल जळते, उरलेल्या डिझेलवर बंदर गाठता येईल का, या सगळ्यासाठी जमिनीच्या हिशेबाचाच वेग हवा, आणि एवढ्यासाठीदेखील जीपीएसची जोडणी वसूल होते. पण इंजिन, प्रोपेलर आणि बोटीचा तळ यांना जमीन माहीतच नाही. बोट नाळ उचलून पाण्यावर घसरू लागते ती पाण्यातल्या वेगावर. मागे उठणारी लाट, जी किनाऱ्यावरच्या होड्या एकमेकींवर आपटते, तिचा आकारही पाण्यातल्या वेगावर. प्रोपेलर किती घसरतो हे काढायचे असेल तर फेऱ्यांवरून निघणारा अपेक्षित वेग पाण्यातल्या वेगाशीच ताडावा लागतो. तिथे जीपीएसचा आकडा घातला तर ओहोटीबरोबर जाताना प्रोपेलर उत्तम आणि परतताना नादुरुस्त ठरेल. सर्वांत ठसठशीत उदाहरण ट्रॉलरचे. कोळंबीचे जाळे साधारण अडीच-तीन नॉटने ओढतात. जाळ्याचे तोंड फाकवणाऱ्या फळ्या पाण्याच्या मारावर उघडतात. समजा प्रवाह १ नॉटचा आहे आणि तांडेल जीपीएसच्या काट्यावर ३ नॉट राखतो आहे. प्रवाहाबरोबर जाताना जाळ्याला पाणी भेटते २ नॉटने, आणि प्रवाहाविरुद्ध ४ नॉटने. पाण्याचा रोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने एका खेपेत जाळ्यावर दुसरीच्या चौपट ताण. एकदा फळ्या मिटू पाहतात, एकदा दोर आणि इंजिन दोन्ही कण्हतात, आणि काटा मात्र दोन्ही वेळा ३ वरच. पाण्यातल्या वेगाची गरज नाही असे म्हणणाऱ्याने या गणिताला उत्तर द्यावे.

दुसरे आक्षेप लवकर आटोपता येतात. जीपीएसचा काटा उशिरा हलतो, असे म्हणतात. सेकंदाला एकदाच वाक्य देणाऱ्या आणि वर आकडा गुळगुळीत करणाऱ्या रिसीव्हरबद्दल हे खरे आहे; सेकंदाला पाच किंवा दहा वेळा मोजणारा रिसीव्हर घेतला आणि गुळगुळीतपणा कमी ठेवला की तक्रार उरत नाही. मात्र पाच-दहा वेळा बोलायचे तर ४८०० चा जुना वेग पुरत नाही, ३८,४०० लागतो. पडद्यावर आकडा दिसत असताना काटा कशाला, असाही प्रश्न येतो. धक्के खात जाणाऱ्या बोटीत डोळ्याच्या कडेने काट्याचा कल कळतो, बदलता आकडा थांबून वाचावा लागतो. एवढे कारण पुरेसे आहे. काट्याची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी. जीपीएसच्या वेगाला पुढे-मागे कळत नाही. बोट मागे जात असो, वाऱ्याने आडवी जेट्टीवर ढकलली जात असो, काटा धनच वेग दाखवतो. आणि उपग्रहांच्या लहरी दाबता येतात, खोट्याही पाठवता येतात; जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात अनेक जहाजांच्या रिसीव्हरांनी ती जहाजे किनाऱ्यावरच्या विमानतळावर असल्याचे दाखवले होते. ज्या बोटीवर पाणचक्रही चालू आहे तिथे असा खोटेपणा दोन काट्यांच्या अशक्य फरकातून लगेच उघडा पडतो.

एक काम असे आहे की जे जीपीएस पाणचक्रासाठीच करू शकतो, आणि ते झाले नाही तर दोन्ही ठेवण्याचा अर्धा फायदा जातो. शक्यतो भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवशी, संथ वाऱ्यात, इंजिनाचे फेरे कायम ठेवून प्रवाहाच्या रेषेत एकदा जावे आणि त्याच रेषेत परत यावे. दोन्ही खेपांचा जीपीएसचा वेग मिळवून निम्मा केला की प्रवाह कटतो आणि पाण्यातला खरा वेग हाती येतो. चक्र तेवढा दाखवेल असे प्रमाण मग यंत्रात भरावे. सरासरी वेगांची घ्यावी, वेळेची नव्हे, कारण इथे फसायला होते. एका मैलाच्या दोन खेपा १० आणि ६ नॉटने केल्या तर वेगांची सरासरी ८ येते आणि तीच बरोबर. पण एकूण अंतर भागिले एकूण वेळ केले तर १६ मिनिटांत २ मैल, म्हणजे साडेसात नॉट येतात, कारण प्रवाहाविरुद्धच्या खेपेला वेळ जास्त गेला. चाचणी चालू असताना प्रवाहच बदलत असेल तर सारख्या अंतराने तीन खेपा घ्याव्या, मधल्या खेपेचा वेग दुप्पट धरावा, आणि बेरजेला चारने भागावे. जहाजबांधणीतले लोक सागरी चाचण्यांत हेच गणित फार पूर्वीपासून वापरत आले आहेत.

तेव्हा बोटीच्या मालकाला माझी विनंती अशी. जीपीएसची तार जोडा, पाणचक्र तळात राहू द्या, आणि दोन तबकड्यांवर ‘जमीन’ आणि ‘पाणी’ असे ठळक रंगवून घ्या, म्हणजे उद्या बोट दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तरी गल्लत होणार नाही. आणि पहिल्या फेरीला निघण्याआधी, खाडीच्या मोकळ्या पाण्यात बोट चालू असताना, अँटेनाची तार एकदा मुद्दाम उपटून पाहा. काटा दोन-तीन सेकंदांत खाली पडला नाही, तर तो परिवर्तक परत करा.